इराणी सिनेमा, आमचे बाबा आणि खणातले पैसे

मास्तर_दारव्हा :

हा धागा काढू की नको, असं आठ दिवस चाललं होतं. सिनेमा जुना आहे, २०११ चा. इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलाही असेल. असगर फरहादीचा 'अ सेपरेशन'. बर्लिनच्या महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं आणि पुढच्या वर्षी परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर. इराणला मिळालेलं ते पहिलंच. हे सगळं मला नंतर कळलं. भाच्याने पेन ड्राइव्हवर दहा-बारा सिनेमे भरून दिले होते, त्यात हा होता. एका रात्री लाइन होती, झोप नव्हती, म्हणून लावला.

(पुढे शेवटासकट सगळं येणार आहे. पाहायचा असेल त्यांनी इथूनच माघारी फिरावं.)

तेहरानमधलं शिकलेलं जोडपं आहे. नादेर बँकेत, सिमीन शिक्षिका. लग्नाला १४ वर्षं झालेली, मुलगी तेरमेह ११ वर्षांची. सिमीनने खटपट करून देशाबाहेर जायचा व्हिसा मिळवलाय आणि त्याचे ४० दिवस उरलेत. मुलीला इथे वाढवायचं नाही, हे तिचं म्हणणं. नादेर जायला तयार नाही, कारण त्याच्या वडिलांना अल्झायमर आहे. सिमीन कोर्टात विचारते की त्या म्हाताऱ्याला तू मुलगा आहेस हे तरी कळतं का? नादेर म्हणतो, मला कळतं ना की तो माझा बाप आहे. इथे मी लॅपटॉप बंद केला आणि ओसरीत जाऊन बसलो.

आमच्या घरची केस हीच होती, फक्त परदेशाच्या जागी अमरावती घाला.

बाबांना लकवा मारला तेव्हा लेक दहावीत होती. उजवं अंग पूर्ण गेलं, बोलणंही गेल्यासारखंच. बायकोचं म्हणणं होतं की पोरीला अकरावीला अमरावतीला घालू, सगळेच जाऊ, मामाजींनाही, म्हणजे बाबांनाही, नेऊ. चुकीचं काय होतं त्यात? काहीच नाही. पण बाबांना दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात लागली तरी ते डाव्या हाताने दाराची चौकट धरून ठेवायचे. मी म्हटलं, मी त्यांना इथून हलवणार नाही. ती म्हणाली, मग मी पोरीला घेऊन जाते. आणि गेली. भांडण झालं नाही. लोकांना वाटलं की झालं असेल. दोन वर्षं मी आणि बाबा.

माझी शाळा शेजारच्या गावात. दुपारी घरी कोणी नसायचं, तेव्हा शेजारच्या काकू येऊन बाबांना भरवून जायच्या. चांगली माणसं आहेत. सकाळ-संध्याकाळ मात्र माझी. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीला बसायच्या जागी गिरमिटाने भोकं पाडली होती. त्यावर बाबांना बसवायचं, गंजातलं पाणी हाताला लावून पाहायचं, मग अंगावर घालायचं. त्यांचा डावा हात चांगला होता, त्या हाताने ते माझा शर्ट घट्ट धरायचे. शर्ट भिजायचा म्हणून मी बनियनवर आंघोळ घालायला लागलो, तर बनियन धरायचे. सिनेमात नादेर वडिलांना आंघोळ घालतो. पाठ घासता घासता त्याला रडू फुटतं आणि तो त्या म्हाताऱ्याच्याच पाठीवर डोकं टेकतो. मी तसा रडलो नाही. मला शाळेची वेळ व्हायची.

तर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्थातच पूर्ण नादेरच्या बाजूने होतो.

सिमीन घर सोडून जाते, पण परदेशी जात नाही. आईकडे जाऊन राहते, त्याच शहरात. वडिलांना सांभाळायला नादेर एक बाई ठेवतो, राझिये. गरोदर आहे, सोबत लहान मुलगी. एक दिवस नादेर घरी येतो तर बाई गायब, वडील पलंगाला हात बांधलेल्या अवस्थेत खाली पडलेले, आणि खणातले पैसे कमी. ती परत आल्यावर तो तिच्यावर चोरीचा आळ घेतो, दाराबाहेर ढकलतो. पुढे तिचं मूल जातं आणि सगळं प्रकरण कोर्टात. मी मनात म्हणत होतो, बरोबर केलं ढकललं ते. म्हाताऱ्या माणसाला बांधून ठेवते म्हणजे काय!

दिवाळीच्या सुट्टीत बायकोसोबत परत पाहिला. बाबा गेल्या पौषात गेले, आता ती आणि मी एकाच घरात आहोत. सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. सिमीनचा पियानो हमाल जिन्यावरून उतरवतायत, एक मजला जास्त आहे म्हणून जास्त पैसे मागतायत. सिमीन आत जाते, पैसे आणून देते. बायको म्हणाली, "थांबव. मागे घे." मी मागे घेतलं. सिमीन खण उघडते, त्यातले पैसे काढते, हमालांना देते.

"पैसे हिनं घेतले," ती म्हणाली. एवढंच.

मी एकदा अख्खा सिनेमा पाहिला होता आणि हे मला दिसलंच नव्हतं. नादेरलाही दिसलं नव्हतं, पण तो निदान त्या वेळी तिथे नव्हता. मी तर पडद्यासमोर बसलेला होतो.

तेव्हापासून डोक्यात तेच. प्रेम, लग्न याबद्दल आपल्याला सिनेमांनी बरंच शिकवलं, पण लग्नात खणातले पैसे कोणी काढले आणि कशासाठी, हे दाखवणारा मी तरी हा पहिलाच पाहिला. तुम्ही कोणाच्या बाजूने?

---

पऱ्हाटीवाला :

मास्तर, पिच्चर काही म्या पाह्यला नाही. खालचं इंग्रजी वाचता वाचता वरचं सुटते. पण तुमचं वाचलं. तुमची बायको अमरावतीले गेली म्हनून तुम्हाले वाईट वाटून राह्यलं, आमच्याकडं तं येऊनच नाही राह्यली. मी ३४ चा हावो. साडेसात एकर वावर, हीर हाये, ओलीत हाये. मागच्या सालात चार ठिकानी पाह्यचा कार्यक्रम झाला. पहिला प्रश्न, नौकरी हाये का. दुसरा, अमरावतीले नाई तं यवतमायले प्लॉट हाये का. तिसरा प्रश्न तोंडानं कोनी विचारत नाही, नुसते डोये फिरवते घरात. बुढा-बुढी किती हायेत थे मोजते. एका ठिकानच्या पोरीच्या मामानं माह्या आजीले बाजेवर पाह्यलं आन चहा अर्धाच ठेवला. तुमच्या इरान्यानं निदान १४ वर्स तं संसार केला ना बाप्पा.

---

रेवती_वाशीम :

@पऱ्हाटीवाला, चहा अर्धा ठेवला हे वाईटच. पण त्या मामाने आपल्या बहिणीला कुणाच्या तरी बाजेपाशी वीस वर्षं बसलेलं पाहिलं असेल, ही शक्यता धरून चाला.

@मास्तर, सिनेमा मी दोनदा पाहिला आहे. मी सिमीनच्या बाजूने, पहिल्यापासून. पहिलाच प्रसंग आठवा. दोघं न्यायाधीशासमोर बसलेत आणि कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी आहे, म्हणजे ती दोघं आपल्याकडे बघून बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि तो आवाज तिला सांगतो की तुमची अडचण छोटी आहे. मी तिथेच उठून उभी राहिले होते. आमच्याकडे बैठकीत ज्येष्ठ मंडळी हेच म्हणतात ना, "बाई, एवढंसं तर आहे." एवढंसं कोणाला? ज्याला रोज धुवायचं नाही त्याला.

आणि तुम्ही नादेरच्या आंघोळीबद्दल इतकं सुंदर लिहिलंत, पण एक गोष्ट गाळलीत. सिमीन घर सोडून निघते तेव्हा ते सासरे तिचा हात धरतात आणि सोडतच नाहीत. आजारात सगळं विसरलेत, पण तिचं नाव घेतात. १४ वर्षं त्या माणसाचं कोणी केलं असेल ते त्या एका हातावरून कळतं. नादेरने वडिलांना सांभाळलं म्हणून तो हिरो आणि तिने १४ वर्षं सांभाळलं ते कुठेच नोंद नाही!

आणखी एक. तो तिला एकदाही "जाऊ नको" म्हणत नाही. ती आईकडे जाऊन राहते म्हणजे काय करते? वाट बघते. तुम्ही म्हणाला होतात का?

---

मास्तर_दारव्हा :

नाही.

---

विजार_आणि_टोपी :

आपल्याकडे एवढे मराठी सिनेमे असताना इराणचा कशाला? आणि शेवट सांगणार असं लिहून मग शेवट सांगितलाच नाही. हा काय प्रकार?

---

तालुका_वकील :

शेवट मी सांगतो, आमचा रोजचाच आहे. शेवटी परत कोर्ट. सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे, म्हणजे मधल्या काळात वडील गेलेत हे आपण समजून घ्यायचं. न्यायाधीश मुलीला विचारतो, आई की वडील, ठरवलंस का? ती म्हणते, ठरवलंय. पण आईवडिलांसमोर सांगायचं नाही. दोघांना बाहेर काढतात. कॉरिडॉरमध्ये काचेच्या दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. नावं पडद्यावर येत राहतात आणि ती दोघं तशीच. मुलीने काय सांगितलं ते कधीच कळत नाही.

तालुक्याच्या कोर्टात २२ वर्षं वकिली झाली. तो कॉरिडॉर मी रोज बघतो. आमच्याकडे काचेचं दार नाही, कडुनिंबाचं झाड आहे. एकाकडचे या बाजूला, दुसरीकडचे त्या बाजूला, आणि मधे पाण्याच्या बाटल्या विकणारा.

लोक भलतीसलती माहिती घेऊन येतात म्हणून थोडा कायदा. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब, परस्पर संमतीने घटस्फोट. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने दर वेळी सक्तीचे नाहीत, परिस्थिती पाहून कोर्ट ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. इराणमध्ये नवरा राजी नसेल तर बायकोला कारण सिद्ध करावं लागतं, आणि "मला मुलीला घेऊन बाहेर जायचंय" हे कारण तिथे पुरत नाही. म्हणून तो आवाज छोटी अडचण म्हणतो.

आता मास्तरांच्या मुद्द्यावर. मुलाला आईवडिलांपासून वेगळं राहायला बायकोने भाग पाडणं ही क्रूरता ठरू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहे, नरेंद्र विरुद्ध के. मीना. सिमीन आपल्याकडे असती तर नादेरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो पुढे केला असता. मीही केला असता.

गंमत म्हणून एक. सिनेमाचं फारसी नाव आहे 'जुदाई-ए-नादेर अज सिमीन'. जुदाई शब्द आपल्याला सांगावा लागत नाही. आणि आपल्या खेड्यात सोडचिठ्ठीला फारखत म्हणतात ना, तेही त्याच भाषेतून आलेलं, मोकळं केल्याचा कागद. घरं वेगळी, कागदाची भाषा एकच!

---

रेवती_वाशीम :

@तालुका_वकील, निकाल ठाऊक आहे. मग दुसराही कायदा सांगा ना, २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. त्यात 'अपत्य' म्हणजे कोण कोण ते वाचून दाखवा.

---

तालुका_वकील :

मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान असलेले.

---

रेवती_वाशीम :

सून?

---

तालुका_वकील :

त्या व्याख्येत नाही.

---

रेवती_वाशीम :

धन्यवाद. म्हणजे कायद्याने जबाबदारी मुलाची, आणि मुलगा ती बायकोकडून करून घेतो, आणि तिने नाही म्हटलं की क्रूरता. छान आहे.

---

तालुका_वकील :

ताई, इतकं सरळ नाही. त्या निकालात आत्महत्येच्या धमक्या वगैरे इतर बाबीही होत्या. पण तुमचा टोला बसला, मान्य.

---

झाडीचा_नाटक्या :

मी वडश्याकडचा, झाडीपट्टी नाटकातला नट. दिवाळी झाली की आमचं सुरू, होळीपर्यंत. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असला की गावात रात्री नाटक, दहाला पडदा उघडतो, उजाडेपर्यंत चालतं. १५ वर्षं मी खलनायक आणि सासरा आलटून पालटून केला आहे, त्यामुळे लग्न मोडायचा मला भरपूर अनुभव.

हा सिनेमा मी पाहिला तो धंद्याच्या नजरेने. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच! आमच्याकडे सुनेने पिशवी उचलली की ऑर्गनवाला आधीच तयार असतो. इथे ती बाई पिशवी भरते आणि फक्त कपाटाचा आवाज येतो. मला सुरुवातीला चुकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की संगीत नसल्यामुळे कोणावर रागवायचं ते कोणी सांगतच नाही. आमच्या नाटकात प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळतं की मी वाईट. बाया मला घरी जाताना शिव्या देतात, एकदा चहाच्या टपरीवर एका आजीने मला चहा द्यायला नको म्हणून सांगितलं होतं. या सिनेमात शिव्या द्यायच्या कोणाला? मी चार-पाच वेळा बाजू बदलली.

हा शेवट मात्र आमच्याकडे चालणार नाही. रात्रभर थंडीत घोंगडं घेऊन बसलेला माणूस मुलीने काय सांगितलं ते ऐकल्याशिवाय उठत नाही. स्टेजवर चढून विचारेल.

---

हिंजवडीतून_अकोट :

वाचतोय. आईबाबा अकोटला, मी इथे १२ व्या मजल्यावर. रोज रात्री ९ ला व्हिडिओ कॉल. बाबा कॅमेरा कपाळाला लावतात, मला फक्त केस दिसतात. मी नादेर पण नाही आणि सिमीन पण नाही. मी ते ४० दिवस संपून गेलेला व्हिसा आहे.

---

आशाताई_चांदूरबाजार :

मला एक सांगा, सगळे नादेर-सिमीन, नादेर-सिमीन करून राहिले, पण त्या सिनेमात लग्नं दोन आहेत ना? दुसऱ्याबद्दल कोणी बोललंच नाही.

मी गावात 'आशा' आहे, म्हणजे आरोग्याचं काम करणारी. हा सिनेमा मुलीच्या मोबाइलवर पाहिला, तिने थांबवून थांबवून सांगितला. त्या राझियेचा नवरा होज्जत. काम सुटलेलं, डोक्यावर कर्ज, घेणेकरी दारात. ती नवऱ्याला न सांगता कामाला येते, कारण ज्या घरात बाई नाही त्या घरात परक्या पुरुषाचं काम करायला तो जाऊ देणार नाही. पोटात मूल, अंगावर ती काळी चादर, पाठीशी लहान पोरगी, आणि लांबून बसने यायचं. पहिल्याच दिवशी म्हातारा कपड्यातच करतो. ती काय करते? फोन लावून धर्माच्या माणसाला विचारते की मी ह्यांचे कपडे बदलले तर पाप लागेल का. आणि तिची ती एवढीशी पोरगी म्हणते की मी बाबाला नाही सांगणार.

त्या पोरीचं वाक्य ऐकून मी मुलीला म्हटलं, बंद कर जरा.

आमच्या गावात अशा किती जणी आहेत मी मोजू शकते. बचत गटातून उचललेले पैसे नवऱ्याला माहीत नाहीत. दर आठवड्याच्या हप्त्याचं कार्ड पिठाच्या डब्यात. दुसऱ्याच्या घरी म्हातारी धुवायला जाते आणि घरी सांगते की वावरात गेली होती. पोरगी शिकते की बाबाला नाही सांगायचं. हेही लग्नच ना? प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. राझियेचं त्या होज्जतवर प्रेमच असतं, त्याला जेलमध्ये टाकतील म्हणून तर ती स्वतः कामाला जाते.

आणि शेवटी मुलाच्या मृत्यूची भरपाई म्हणून पैसे मिळायची वेळ येते तेव्हा नादेर म्हणतो, कुराणावर हात ठेवून सांग की माझ्या धक्क्यानेच मूल गेलं. ती ठेवत नाही. आदल्या दिवशी तो म्हातारा रस्त्यावर गेला होता, त्याला धरायला गेली तेव्हा गाडीची धडक तिलाच बसली होती. तिला शंका आहे की मूल तेव्हाच गेलं असेल. घेणेकरी समोर बसलेत, नवरा हात जोडतोय, आणि ती हात ठेवत नाही. माझ्या पोरीवर काही येईल म्हणून. मास्तर, ह्या सिनेमात एकच माणूस असं आहे ज्याने खरं बोलायची किंमत भरली, आणि ती ती आहे. नादेर तर ती गरोदर असल्याचं माहीत नव्हतं म्हणून कोर्टात खोटं बोलतो. स्वतःच्या पोरीलाही खोटं बोलायला लावतो.

आता विचारते, रागावू नका. तुमच्या बाबांना दुपारी भरवायला शेजारच्या काकू येत होत्या. दोन वर्षं. लकव्याच्या माणसाला भरवायला पाऊण तास लागतो, मी पाहते ना रोज. कपडे खराब असले तर ते कोण बदलायचं? त्या काकूंना काय मिळत होतं?

---

मास्तर_दारव्हा :

आशाताई, रागावलो नाही. शेजारधर्म होता, असंच मी इतके दिवस धरून चाललो होतो. त्यांच्या मुलाला मी नवोदयच्या परीक्षेसाठी शिकवलं होतं, त्याची परतफेड असेल असंही वाटायचं. साडी दिली दोन दिवाळींना.

कपड्यांचं मात्र तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. मी संध्याकाळी साडेपाचला यायचो तेव्हा बाबा नेहमी कोरडे असायचे.

उद्या विचारतो.

---

पऱ्हाटीवाला :

मास्तर, कोनाले विचारता? काकूले का वहिनीले?

---

तालुका_वकील :

साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारू नये. थांबा.

---

झाडीचा_नाटक्या :

दुसरा अंक संपला, मूंगफल्ली आणा.

---

मास्तर_दारव्हा :

विचारलं. उशीर झाला त्याबद्दल माफी, दोन दिवस लिहावंसं वाटत नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी मी बायकोला म्हटलं, काकूंना आपण काही दिलं पाहिजे होतं, दोन वर्षं त्यांनी बाबांचं केलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "दिलं ना."

दर महिन्याच्या १ तारखेला ती काकूंच्या मुलाच्या फोनवर पैसे टाकत होती. अमरावतीला गेल्यापासून बाबा जाईपर्यंत. जायच्या आदल्या संध्याकाळी काकूंकडे जाऊन सगळं ठरवून आली होती. भरवायचं, कपडे बदलायचे, कूस बदलायची, आणि मास्तरांना सांगायचं नाही. का सांगायचं नाही, तर मी म्हटलं असतं की माझ्या बापाला पगारी माणूस नको. हे मी म्हटलंच असतं, त्यात वाद नाही.

पैसे कुठून? अमरावतीच्या त्या खोलीत ती आठवीच्या सहा पोरांची शिकवणी घ्यायची. मला वाटायचं तिचा वेळ जावा म्हणून घेते. मी एकदा फोनवर म्हटलंही होतं की बरं आहे, तुझं मन रमतंय.

काकूंनी पण कधी तोंडातून काढलं नाही. दोन दिवाळींच्या साड्या मात्र घेतल्या. हसू नका.

मी तिला विचारलं, सिनेमा पाहताना तुला खणातलं लगेच कसं दिसलं? ती म्हणाली, "पैसे मोजून ठेवणाऱ्याला दिसतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं होतं, तेव्हाच विचारशील."

रेवतीताई, तुमच्या "जाऊ नको"चंही मी तिला सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. उठून गेली आणि फोडणीत सांभार (कोथिंबीर) जास्त टाकला, एवढंच मला जेवताना कळलं.

तर बाजू कोणाची, हा माझा प्रश्न मी मागे घेतो. दीड हजार रुपये महिना, दोन वर्षं. बाबा कोरडे असायचे ते त्यामुळे.

---

रेवती_वाशीम :

मास्तर, त्यांना नमस्कार सांगा.

---

आशाताई_चांदूरबाजार :

आणि काकूंना तिसरी साडी घ्या.

---

हिंजवडीतून_अकोट :

आज व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं की बाबांची नखं कोण कापतं. ती म्हणाली, काहून विचारतोस.

---

पऱ्हाटीवाला :

मास्तर, थो पिच्चर कुठं भेटते? मराठीत नसन तं हिंदीत तं असनच. आजीले पन दाखवतो, तिले बाजेवरून दिसते असा टीव्ही लावला हाये.

---

मास्तर_दारव्हा :

पेन ड्राइव्ह घेऊन जा, दारव्ह्याला आलास की.

आणि एक दुरुस्ती. हा धागा ती आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतेय. म्हणते, रक्कम चुकली आहे. पहिल्या दिवाळीपर्यंत दीड होते, पुढे काकूंनी मागितले नव्हते तरी तिने दोन केले होते.